आत्याला तेल द्या

आत्या, फादरांना मी बोलावलं नव्हतं.

आठ दिवस हे वाक्य माझ्या जिभेवर आहे. तुझ्या पेटीवर मूठभर माती टाकताना ते होतं. काल सातव्या दिवसाच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, मला पहिल्या बाकावर बसवलं तेव्हाही होतं. चर्चच्या पायऱ्यांवर बायका माझा हात हातात घेत होत्या, ‘शेवटी तू तिचं केलंस गो’ म्हणत होत्या, आणि मी मान हलवत होते. गावातल्या एकाही माणसाला मी आजवर खोटं पचू दिलं नाही, आणि आता आठ दिवस मीच मान हलवते आहे. हे वाक्य सगळ्यांच्या आधी तुझ्या कानावर जायला हवं होतं. तुझेच कान आता नाहीत. म्हणून कागदावर लिहिते.

झालं ते एवढंच. त्या दिवशी सकाळी शाळेत शिकवायला निघताना मी तुझी बाटली पाहिली. तळाशी गोठलेल्या खोबरेलाचा पांढरा थर तेवढा उरला होता. तुझा चार दिवसांचा ताप उतरला होता. खोकला होता, पण तू पेज प्यालीस, वर लोणच्याची फोड मागून घेतलीस. तुझा छळ मांडला होता तो खाजेने. डिसेंबरचा कोरडा वारा, त्यात तापाने सुकलेलं अंग. तू बोलता बोलता हात खाजवत होतीस. मी म्हटलं, ‘येताना सांडोरच्या घाण्यावरून तेल आणते.’

‘तू नि येताना!’ तू म्हणालीस. ‘सभा हाय ना तुजी? सभेला गेलेलं मानूस येताना भाषन घेऊन येतं, तेल नाय.’

मी हसले आणि निघाले. आत्या, तुझं ते माझ्याशी शेवटचं बोलणं.

सभा दवाखान्यासाठी होती. स्वातंत्र्य येऊन इतकी वर्षं झाली तरी भुईगावातल्या माणसाला थर्मामीटर बघायला वसई गाठावी लागते, हे सरकारला ओरडून सांगायचं होतं. दुपारी ठरलं की पत्रक आजच लिहून सकाळी छापायला पाठवायचं. रात्री वसईतच मैत्रिणीकडे राहायचं. तेवढ्यात दारातून शेजारचा इनासकाका दिसला. केळीचे घड स्टेशनवर उतरवून रिकामी गाडी घेऊन परत निघाला होता. मी पत्रकाच्या कागदाची एक पट्टी फाडली, चार ओळी लिहिल्या आणि धावत जाऊन त्याच्या हातात दिली. ‘रेमेतकाकीला दे, ती वाचील.’ तोंडाने एक शब्द सांगितला नाही. आत लोक थांबले होते.

त्या पट्टीवर काय होतं ते तुला कोणी दाखवलं की नाही, मला माहीत नाही. मी ती परत मागून घेतली आहे. हे आहे:

‘आत्याला आजच्या आज तेल द्या! उद्यावर टाकू नका! मला यायला जमत नाही. फिलू.’

मनात होतं, सांडोरहून खोबरेल आणून द्या. हाताने ‘सांडोरहून’ गाळलं, ‘खोबरेल’चं ‘तेल’ केलं, ‘आणून’ गाळलं. पत्रक लिहिणाऱ्याचा हात तसाच चालतो. शब्द जितके कमी तितका मार मोठा, असं मी वर्गात मुलांनासुद्धा शिकवते. आणि आपल्या गावात तेल लावतात ते वेगळं आणि तेल देतात ते वेगळं, हे दूधपित्या पोरालाही ठाऊक. लावायचीस तू. देतात ते फादर, मरणाऱ्याला, शेवटचं. मला हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मला ते त्या क्षणी आठवलं नाही. देवळातलं काहीच मला आठवत नाही, असा माझा तोरा होता.

*

बाबा मुंबईच्या छापखान्यात खिळे जुळवायचे आणि शनिवारी येताना खराब झालेली पत्रकं घेऊन यायचे. घरात दुसरं वाचायला काही नव्हतं. तू मला मांडीवर घेऊन बसायचीस आणि बाबा अक्षरं दाखवायचे. मी ओळखलेलं पहिलं अक्षर ‘धि’, ‘धिक्कार’मधलं. बेचाळीस साली काही पत्रकं घरात ठेवणं धोक्याचं झालं तेव्हा तू ती तांदळाच्या कोठीत लपवलीस. तुला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. शिपाई आले तेव्हा तू कोठीवर बसून शेजारच्या कातरीनमायच्या भेगाळलेल्या टाचांना तेल लावत होतीस. ‘पाय सोडू का उठू, सांगा,’ म्हणालीस. त्या टाचांकडे बघून ते गेले.

बाकी तुझ्या लेखी पत्रकाचा उपयोग एकच. तुझ्या तेलाच्या बाटलीखाली नेहमी एखादं असायचं, तेलाने आरपार झालेलं. ‘आता बघ, दोन्ही बाजूंनी वाचाया येतं,’ असं तू मला चिडवायचीस.

आठवड्यातून दोनदा तू वाडीतलं काम आटपून निघायचीस. केळीच्या चिकाने काळे पडलेले तुझे हात कधी साफ झाले नाहीत, पण त्या हातांची वाट बघत किती ओट्यांवर किती म्हातारी माणसं बसलेली असायची. तू कोणाला बरं केलं नाहीस, तसं म्हणायचीही नाहीस. तू त्यांची कातडी सांभाळायचीस. मला वाटायचं, यात शिकण्यासारखं काय आहे. तेल घ्यायचं, चोळायचं.

‘चोलायचं नाय,’ तू म्हणायचीस. ‘चोलतेत ती भांडी.’

लहानपणी मी तुझ्यामागून फिरायचे म्हणून मला ते सगळं पाठ आहे. आंघोळीचं पाणी कोमट, कढत नाही; कढत पाण्याने म्हाताऱ्याला बरं वाटतं आणि नंतर तासभर खाज सुटते. साबण काखेत आणि जांघेत, बाकी अंगाला आठवड्यातून एकदा. जुन्या धुवट लुगड्याच्या तुकड्याने अंग टिपायचं, पुसायचं नाही, आणि ते जरा ओलसर असतानाच तेल, म्हणजे पाणी आत राहतं. ‘तरनी कातडी विहिरीसारखी,’ तू सांगायचीस, ‘आपलं पानी आपन धरते. म्हातारी कातडी मडक्यासारखी पाजरते. तिला बाहेरून लिंपावं लागतं.’ जो अंथरुणाला खिळला त्याची कूस सारखी बदलायची, माकडहाड आणि टाचा रोज उजेडात बघायच्या. लाल डाग दिसला तर तिथे बोट लावायचं नाही, तिथला भार काढायचा. आणि कोणालाही हात लावण्याआधी आपले तळवे एकमेकांवर घासून ऊन करायचे. ते तू देवळात शिरताना क्रूस करावा तसं करायचीस, न चुकता.

मी मोठी झाले, शाळेत शिकवायला लागले, आणि ‘चामडीची पूजा’ नावाचं पत्रक काढलं. स्नो-पावडरींवर होतं ते. बायांनो, तुमच्या डोक्यात काय आहे ते बघा, तोंडावर काय आहे ते नको, असा सूर. रेमेतकाकीने तुला वाचून दाखवलं. तू शेवटपर्यंत ऐकलंस.

‘मग माजं पन चूक का गो?’

‘तुझं कुठे चूक? तू कुठे पावडर लावतेस?’

‘मी पावडर नाय लावत. पन मी पन चामडीलाच धरून बसलीय ना सगला जन्म.’ मग म्हणालीस, ‘तू मानसाच्या डोक्यात शिरतेस, फिलू. शिर बापडी. मी कातडीवरच थांबते. सगल्यांना खाजतं तिथेच.’

मी म्हटलं, ‘खाजेने क्रांती होत नाही.’

‘नाय होत,’ तू म्हणालीस. ‘झोप पन नाय होत.’

रेमेतकाकी पोट धरून हसली. मी रागाने आत गेले. तो वाद तिथेच राहिला.

*

दोन हिवाळ्यांमागची ती गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. आता सांगते, कारण ती इथे लागते.

कातरीनमायच्या दंडावर मला निळेजांभळे डाग दिसले. एका हातावर तीन, दुसऱ्यावर दोन. कातरीनमाय म्हणजे इनासकाकाची आई, रेमेतकाकीची सासू, डोळ्यांनी जवळजवळ गेलेली. मी विचारलं तर ती म्हणाली, कुठे काय. मला वाटलं, घाबरते. त्या दिवशी मी एक पत्रक लिहिलं. नाव कोणाचं नव्हतं, पण ‘आपल्या वेशीआत, चर्चच्या घंटेच्या टप्प्यात, आंधळ्या सासूला मारणारे हात’ असं लिहिल्यावर नावाची गरज राहत नाही. तुला वाचून दाखवलं. तुझं कौतुक हवं होतं मला.

तू विचारलंस, ‘कोनी सांगितलं?’

‘डाग दिसतात, आत्या. डोळ्यांनी पाहिले.’

‘हिकडं ये. माजा हात धर. जोरात नको. रस्ता वलांडताना पोराचा धरतेस तसा.’

मी धरला. तू म्हणालीस, सोड. आणि कांदे चिरायला लागलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक मारलीस. तुझ्या मनगटाच्या वर जांभळे डाग उमटले होते. चार. माझी चार बोटं.

‘आता लिव,’ तू म्हणालीस. ‘फिलू आत्याला मारते म्हनून.’

त्या दिवशी मी पहिल्यांदा तुझा हात नीट पाहिला. मी तुला कायम दुसऱ्यांच्या म्हातारपणाशेजारी उभी पाहिलं होतं. तुझं स्वतःचं कधी आलं ते मला दिसलंच नाही. कोपरापासून खालची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, खालच्या शिरा निळ्या, वर तपकिरी ठिपके. चोळीच्या बाहीखालची मात्र अजून मऊ. उन्हाने कुठपर्यंत खाल्लं होतं त्याची सरळ रेघ दिसत होती.

ते पत्रक छापलं गेलं नाही. रेमेतकाकीला ते आजतागायत माहीत नाही. तू ते बाटलीखाली घातलंस आणि त्या दिवसापासून मला तुझ्या हातांना तेल लावू दिलंस. पहिल्याच आठवड्यात मी पंच्याने अंग जोरात पुसलं आणि तुझ्या नडगीवरची कातडी सरकली. केळीच्या पानाचा कोवळा भाग दुमडावा तशी घडी पडून बाजूला झाली, आणि आत लाल. मी ओरडले. तू ओरडली नाहीस. उकळून गार केलेल्या पाण्याने बोट ओलं करून ती घडी जागेवर पसरलीस, गादीची सुरकुती सारखी करावी तशी. मला केळीच्या पोगरीचं, अजून न उलगडलेलं कोवळं पान आणायला धाडलंस, ते गरम पाण्यातून काढून वर ठेवलंस आणि फडका सैल बांधलास. पान चिकटत नाही, काढताना पुन्हा फाडत नाही, हे मी तेव्हा शिकले. पंधरा दिवसांनी फक्त एक रेघ राहिली.

‘तुजा हात वाईट नाय,’ तू म्हणालीस. ‘घाईचा हाय.’

*

आता ती संध्याकाळ. मी तिथे नव्हते. रेमेतकाकीने सांगितलं ते लिहिते. तिने मला तीनदा सांगितलं आणि तीनही वेळा तेच सांगितलं, म्हणून ते खरं असणार.

इनासकाकाची गाडी सांडोरच्या घाण्यासमोरून गेली, तेव्हा माझी चिठ्ठी त्याच्या खिशात होती. घरी येऊन त्याने ती काकीला दिली. तिने वाचली, पुन्हा वाचली.

‘मी म्हटलं, तुला डाक्टर कायतरी बोलला असंल वसईला,’ ती म्हणाली. ‘तू कधी उगाच तसं लिवशील का? आन् फादरचं नाव नाय लिवलंस, नुसतं तेल लिवलंस, तर आमी म्हटलं, लाज वाटली पोरीला. इतकी वर्सं फादरच्या विरुद्ध बोलली. पन आत्यासाठी लिवलं.’

म्हणजे दुसऱ्या कोणी तेच शब्द लिहिले असते तर कदाचित विचारलं असतं, बाबा कुठलं तेल. माझ्या बाबतीत विचारायची गरजच वाटली नाही. मी ते लिहिलं, हाच पुरावा.

इनासकाकाने बैल सोडले नाहीत. तसाच चर्चकडे पळाला. दिवेलागणीला फादर निघाले, पुढे घंटी, मागे मेणबत्ती. गल्लीतले लोक घंटी ऐकून दारात गुडघ्यावर बसले. तू खाटेवर होतीस. कोरडाच हात खाजवत होतीस. घंटी ऐकून तू उठायला लागलीस.

‘मना म्हनते, रेमेत, मना खाली बसव, गुडघ्यावर. कोनासाठी गो? तुज्या सासूसाठी? सकाली तर चांगली होती.’

घंटी आपल्याच अंगणात आली. फादर उंबऱ्यात उभे राहिले. तू त्यांच्याकडे पाहिलंस, मग काकीकडे.

‘माज्यासाठी?’

‘फिलूनं चिठ्ठी धाडली.’

‘फिलूनं? आमच्या फिलूनं?’

दोनदा विचारलंस, असं काकी म्हणते. मग तू खाटेवर नीट निजलीस आणि म्हणालीस, ‘तिनं बोलावलं म्हंजे खरंच हाय.’

आत्या, हे मला सोसत नाही. फादरांवर तुझा विश्वास होता, देवावर होता, पण मरायला आपण टेकलो आहोत हे तू त्यांच्या शब्दावर मानलं नसतंस. तू म्हणाली असतीस, फादर, पेज पिऊन बसलीय मी. तू माझ्या शब्दावर मानलंस. मी कधी उगाच घाबरवणार नाही, उगाच फादरांना बोलावणार नाही, हा माझ्याबद्दलचा तुझा भरवसा. माझ्या सगळ्या तत्त्वांचं तुझ्या मनात एवढं वजन होतं, आणि मला वाटायचं, तू ती हसण्यावारी नेतेस.

फादरांनी डोळ्यांना लावलं, कानांना, ओठांना. थेंब लावायचा आणि कापसाने टिपून घ्यायचा, तशी रीतच आहे. तळहाताला लावायला त्यांनी तुझा हात धरला तेव्हा तू म्हणालीस, ‘फादर, हात लई गार हायत तुमचे. आदी घासून घ्या.’

फादरांनी हात घासले, म्हणे. पावलांना लावून झाल्यावर तू त्यांना सांगितलंस की नीट केलंत. काकी हे सांगताना हसते आणि तिच्याच हसण्याने तिला रडू कोसळतं. मी हसले नाही, रडलेही नाही. मला ते अजून कळतच नाहीये.

फादर गेल्यावर तू काकीचा पदर धरून म्हणालीस, ‘माजी पोरगी घरला आली गो.’ काकीला वाटलं, तुला भ्रम झाला, कारण मी तर वसईत होते. तू म्हणालीस, ‘तशी नाय. देवाच्या घरला.’ आणि तू खूश होतीस. काकी शपथेवर सांगते. पहाटे तिने तुला दोन घोट पाणी पाजलं, पेला ठेवायला वळली, आणि परत वळली तर तू नव्हतीस.

*

मी सकाळी पोचले. डोक्यात पत्रकाचा मजकूर होता. गल्लीच्या तोंडाशी माणसं बघून मला वाटलं, कातरीनमाय गेली. मलाही तेच वाटलं, आत्या, तुझ्यासारखंच.

तुला आंघोळ घालायला मी बसले. पाणी कोमट केलं. बायका म्हणाल्या, आता गार काय नि कोमट काय. मी कोमटच घेतलं. तुझ्या दोन्ही हातांवर नखांचे ओरखडे होते, कोपरापासून मनगटापर्यंत, काही पांढरे, काही रक्ताळून सुकलेले. मी टिपलं, पुसलं नाही. नडगीवरची ती जुनी रेघ दिसली. कोणीतरी मागून म्हणालं, ‘बघा, कशी करते. पोटची असती तरी इतकं केलं नसतं.’ तेव्हाच सांगायला हवं होतं. तेव्हा माझ्या हातात तुझा हात होता. नंतर जेव्हा जेव्हा सांगायचं ठरवलं तेव्हा समोर इनासकाका होता. ‘मी बैल नाय सोडले, तसाच पलालो,’ हे तो प्रत्येक येणाऱ्याला सांगतो. आयुष्यात एकदा तो वेळेवर पोचला असं त्याला वाटतं. हे मी माझ्या पत्रकांसारखं छापलं तर रेमेतकाकी त्याला वाचून दाखवील. त्याआधी मला स्वतः जाऊन त्याच्यासमोर बसावं लागेल.

वसईच्या डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, तापाने हृदय थकलं होतं, केव्हाही झालं असतं. कदाचित दहा वर्षांनी झालं असतं, असंही म्हणाले. माणूस भीतीने मरतो का, असं विचारलं तर त्यांनी चष्मा पुसला. ‘भीतीने कोणी मरत नाही,’ हे मीच एकदा मोठ्या टायपात छापलं आहे. भुताखेतांबद्दल होतं ते. आता मी ते वाक्य वाचू शकत नाही. आणि तू घाबरलीस की खूश झालीस, तेही मला कोणी सांगू शकत नाही. खूश झालीस असेल तर माझ्या चुकीने झालीस. मी इथे खरं लिहिते म्हणजे तुझा तो शेवटचा आनंद तुझ्या हातून काढून घेते. आत्या, मला हेही करायचं नव्हतं. पण मी घरला आले नाही. तू ज्याला देवाचं घर म्हणायचीस तिथे मी काल पहिल्या बाकावर बसले होते आणि मला सतत वाटत होतं की मी दुसऱ्या कोणाच्या जागेवर बसले आहे. तुझ्यासाठीसुद्धा मला ते खरं करता येत नाही. तुझं माझ्यावर प्रेम होतं ते या खोट्याच्या आधीपासूनचं आहे, एवढं धरून मी लिहिते आहे.

तू मला कधी म्हणाली नाहीस की आता तू माझ्याबरोबर चल, हे काम शिक. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, ठाऊक नाही. कदाचित, आधी घाई सोड.

आज दुपारी रेमेतकाकी आली. तुझं नाव घेऊन म्हणाली, ‘सासू आठ दिस झाले पेद्रिन कदी येते विचारते. सांगितलं तरी इसरते. अंग खाजवून खाजवून सोललंय तिनं. मी हात लावला की ओरडते.’ आणि दारातच उभी राहिली.

मी गेले. कातरीनमाय ओटीवर उन्हाला बसली होती. काकीने खोबरेलाची वाटी उन्हात ठेवून पातळ केली होती. ती ठेवून विहिरीवर गेली. मी अंग टिपायचा फडका ओला केला, तळवे घासले, मायचा हात मांडीवर घेतला.

‘पेद्रिन?’

‘नाही माय. फिलू.’

‘हां. ती गेली, नाय का.’ मायने हात सैल सोडला. मी तेल पसरत होते, दाब न देता. ‘तुजा हात तिच्यासारका नाय. पन आता ओरडावंसं नाय वाटत.’

मग ती म्हणाली, ‘तू फादरला बोलावलंस तिच्यासाठी. येलेवर. सगली म्हनतात. माज्या येलेला पन तूच चिठ्ठी लिव, हां. इनास घाबरट हाय, तो लांबनीवर टाकील.’

आत्या, माझा हात थांबला. मायचा हात माझ्या मांडीवर, अर्ध्यापर्यंत तेल. हो म्हणणं सोपं होतं.

‘माय,’ मी म्हटलं, ‘ती चिठ्ठी फादरांसाठी नव्हती. घरातलं खोबरेल संपलं होतं. तिला खाज सुटली होती. खोबरेल आणून द्या, असं मला लिहायचं होतं. मी नुसतं तेल लिहिलं.’

मायने तोंड माझ्याकडे वळवलं. त्या डोळ्यांना काही दिसत नाही, तरी मी खाली बघितलं. ती रागावेल, छाती पिटेल, काकीला हाक मारील, याची मी वाट बघत होते. विहिरीवरून रहाटाचा आवाज येत होता.

‘मंग,’ मायने विचारलं, ‘खोबरेल आनलं का कोनी?’

‘नाही, माय.’

मी राहिलेला अर्धा हात पुरा केला, तेव्हा तिने तो काढून घेतला आणि दुसरा पुढे केला.